एक गाळा, चार नकाशे: मुंबईत पबला परवानगी मिळते कशी

मुंबईत ‘पबचं लायसन्स’ काढायला निघालात तर तो कागद कुठल्याच खिडकीवर मिळणार नाही. लायसन्सांवर ‘ईटिंग हाऊस’ असतं, ‘परमिट रूम’ असतं, ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’ असतं, पब नसतो. इंग्लंडमध्ये 2003 च्या लायसन्सिंग कायद्यापासून दारू, गाणंबजावणं आणि रात्री उशिराचं गरम खाणं हे सगळं स्थानिक कौन्सिलच्या एकाच परवान्यात बसतं. आपल्याकडे दारू हा राज्याचा विषय. त्यामुळे पालिका स्वयंपाकघर आणि बांधकाम बघते, एक्साइज, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खातं, बाटली बघतं, पोलीस गाणं बघतात आणि फायर ब्रिगेड बाहेर पडायच्या वाटा तपासते. चौघांच्याही फायलीत त्याच जागेचा नकाशा असतो. हे चार नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पबवर येणाऱ्या बहुतेक नोटिसा त्याच फटीतून येतात.

उदाहरणाला एक गाळा घेऊ. अंधेरी पश्चिम, तळमजला, आत 1200 चौरस फूट. वर 400 फुटांचा पोटमाळा. पुढे इमारतीच्या हद्दीतली 400 फूट मोकळी जागा. दलाल भाडं सांगताना म्हणतो, ‘टोटल 2000 फूट, पुढे मस्त बसायला होईल.’ पैसे 2000 फुटांचे मोजायचे, आणि कायद्याने गिऱ्हाईक बसवायचं ते 1200 मध्येच, तेही किचन आणि टॉयलेट वजा करून. हा हिशेब भाडेकरार करण्याआधी करायचा असतो. बरेच जण तो इंटिरियर झाल्यावर करतात.

पालिका

सुरुवात वॉर्ड ऑफिसपासून. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 394 खाली ईटिंग हाऊसचं आरोग्य लायसन्स मिळतं आणि ते एमओएचच्या, म्हणजे वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या, खात्यातून येतं. अर्जाआधी दोन कागद हातात हवेत: इमारतीचं ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि पालिकेचा मंजूर नकाशा. गाळा नकाशात ‘दुकान’ असेल आणि तुम्हाला तिथे हॉटेल करायचं असेल तर आधी वापर बदलून घ्यावा लागतो. ओसीच नसलेल्या इमारतीत गाळा स्वस्त मिळतो. तो स्वस्त का, हे अर्ज अडकल्यावर कळतं.

आरोग्य खात्याची तपासणी फार गूढ नसते. किचनच्या भिंती धुता येण्यासारख्या, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय, कामगारांचे वैद्यकीय दाखले, पेस्ट कंट्रोलची पावती, धूर बाहेर नेणारी चिमणी. यातली चिमणीच घात करते. तळमजल्याच्या किचनचा डक्ट गच्चीच्या वर न्यायचा तर सात मजल्यांच्या बाहेरच्या भिंतीवरून न्यावा लागतो आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते. ती मिळाली नाही की डक्ट मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली सोडला जातो. पहिली तक्रार तिथून येते. एकदा तपासणीला माणूस आला की तो फक्त डक्ट बघून परत जात नाही.

मग तो पोटमाळा बघतो. मंजूर नकाशात पोटमाळा सामान ठेवायला असतो. तिथे सोफे टाकून ‘लाउंज’ केलं की वापर बदलला, चटईक्षेत्र वाढलं आणि बांधकाम अनधिकृत ठरलं. पालिका अधिनियमाच्या कलम 351 ची नोटीस येते, किंवा नगररचना कायद्याच्या कलम 53 ची. नोटीस बिल्डिंग अँड फॅक्टरी विभागाची असते, आरोग्य खात्याची नाही. म्हणून ‘आमचं हेल्थ लायसन्स चालू आहे’ या उत्तराला तिथे काही किंमत नसते.

पुढच्या 400 फुटांची गोष्ट तीच. इमारतीभोवतीची मोकळी जागा हवा-उजेडासाठी आणि बंब आत येण्यासाठी सोडायला लावलेली असते. तिथे आधी चार छत्र्या येतात. पावसाळ्यात पालिकेची परवानगी घेऊन तात्पुरती मान्सून शेड घालता येते. ती ऑक्टोबरात उतरायला हवी, पण दिवाळीपर्यंत राहते, मग तिला बाजूने काच लागते आणि पुढच्या जूनपर्यंत आत एसी असतो. तोडक कारवाईच्या बातम्यांतला ‘अनधिकृत वाढीव भाग’ म्हणजे बहुतेक वेळा हीच काच लावलेली शेड.

गॅसचा एक आकडा पाठच करून ठेवावा. परवान्याशिवाय एलपीजीचा साठा 100 किलोपर्यंतच चालतो. कमर्शियल सिलेंडर 19 किलोचा. पाच सिलेंडर म्हणजे 95 किलो. सहावा आत आला की हद्द ओलांडली. शनिवारच्या तयारीला शुक्रवारी दुपारी तीन सिलेंडर जास्त येतात आणि ते जिन्याखाली ठेवले जातात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस जमिनीलगत साठतो. सिलेंडरसाठी तळघर आणि जिन्याखालचा कोनाडा या सगळ्यात वाईट जागा.

एक्साइज

हेल्थ लायसन्स हातात आलं की राज्य उत्पादन शुल्क खातं. कायदा 1949 चा, आणि नाव अजून दारूबंदी कायदा. म्हणजे मुळात दारू बंद आहे आणि परवाना ही त्या बंदीतली सूट आहे. खात्याशी वागताना हे तत्त्व डोक्यात असलं की त्यांचे निम्मे प्रश्न आपोआप उलगडतात. परमिट रूमचा परवाना एफएल-3, क्लबचा एफएल-4, एका कार्यक्रमापुरता एफएल-4-ए, नुसत्या बिअर बारचा फॉर्म ई. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो: शहराचा फोर्टच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उपनगराचा वांद्रे पूर्वेला. परवान्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च.

आधी अंतर मोजलं जातं. महापालिका हद्दीत शाळा-कॉलेज आणि प्रार्थनास्थळापासून 75 मीटर. ते नकाशावर पट्टी ठेवून मोजत नाहीत. तुमच्या दाराच्या मध्यापासून, पायी चालणारा माणूस सहसा ज्या वाटेने जाईल त्या वाटेने, त्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. म्हणून दार कुठल्या बाजूला आहे यावर सगळं ठरतं. मागच्या बाजूने 60 मीटरवर शाळा असलेला गाळा पुढच्या दाराने 90 मीटरवर असू शकतो. मात्र पुढे कधी ‘व्हॅले पार्किंगला सोयीचं’ म्हणून दार हलवलंत, तर अंतराचा हिशेब पुन्हा उघडतो. महामार्गाचा घोळ मुंबईने 2017 मध्ये अनुभवलाच: सर्वोच्च न्यायालयाच्या 15 डिसेंबर 2016 च्या निकालाने 500 मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिलपासून थांबली, आणि द्रुतगती मार्गांलगतच्या बारना कुलपं लागली. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने शहरहद्दीतल्या परवान्यांबाबत खुलासा केल्यावर वाट मोकळी झाली.

परवान्याला जोडलेल्या नकाशात दारू कुठे ठेवायची आणि कुठे द्यायची ते आखलेलं असतं. त्या रेषेच्या बाहेर दिलेला एक पेग हा परवान्याचा भंग. आता आपला गाळा आठवा. पोटमाळा आणि पुढची जागा पालिकेच्या नकाशात गिऱ्हाईक बसवायची नाही, म्हणून एक्साइजच्या नकाशातही ती घेता येत नाही. तिथे वेटर ट्रे घेऊन गेला की एका पावलात दोन खात्यांचा गुन्हा होतो. हौशी मालक उलटंही करतात: इंटिरियरवाल्याने काढलेला सुंदर नकाशा एक्साइजला देतात, ज्यात बार काउंटर डावीकडे, पालिकेच्या नकाशात तिथे वॉश बेसिन. दोन्ही नकाशे एका टेबलावर आले की उत्तर नसतं. साधा उपाय: एकाच आर्किटेक्टकडून, मंजूर नकाशावरच, सगळ्या खात्यांसाठी एकच ड्रॉइंग करून घ्यायचं. काउंटर दोन फूट हलवला तरी सगळीकडे नवं ड्रॉइंग द्यायचं.

रोजच्या कामात चूक होते ती रजिस्टरमध्ये. घाऊक विक्रेत्याकडून माल ट्रान्सपोर्ट पासवर येतो, म्हणजे टीपीवर. तो आला त्याच दिवशी ब्रँडनिहाय, बाटलीच्या मापानिहाय नोंद व्हायला हवी. रात्री बंद करताना उघडलेल्या बाटलीतलं उरलेलंही मोजायचं. 750 मिलीची बाटली म्हणजे 30 मिलीचे 25 पेग. बारमनचा हात सैल असेल तर 23 च निघतात. कमी माप देणारा असेल तर 27. रजिस्टर, बिलं आणि शेल्फ यांची बेरीज जुळली नाही की निरीक्षकाला आणखी काही शोधावं लागत नाही. जास्त निघालेली बाटली कमी निघालेल्या बाटलीपेक्षा महागात पडते, कारण टीपी नसलेली बाटली म्हणजे बाहेरून आणलेली, शुल्क न भरलेली दारू असा संशय येतो.

दारू हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराचा नोकरनामा, म्हणजे कामाचं एक्साइजचं परवानगीपत्र, लागतो. नवा मुलगा सोमवारी लागला आणि नोकरनामा ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हटलं की धाड नेमकी शनिवारी.

गिऱ्हाइकाचं वय बिअर आणि वाइनला 21, बाकीच्या दारूला 25. त्यामुळे 22 वर्षांच्या मुलाने बिअरचा पिचर मागवला तर कायदेशीर. त्याच टेबलावर त्याने व्हिस्की मागवली तर नाही. दारात एकदा ओळखपत्र बघून हे निभत नाही, ऑर्डर घेताना कळायला हवं. नीट चालवणारे दारात मनगटाला दोन रंगांच्या पट्ट्या बांधतात. शिवाय पिणाऱ्याला स्वतःचं परमिट लागतं: एका दिवसाचं विदेशी मद्याला 5 रुपये, वर्षाचं 100, आजन्म 1000. बहुतेक पिणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं. बारवालाच एक दिवसाच्या परमिटांची बुकं आणून ठेवतो.

आणि ‘कंडक्टिंग’. हॉटेल लाइनमधला हा जुना शब्द: लायसन्स एकाच्या नावावर, गल्ला दुसऱ्याच्या हातात, महिन्याला ठरलेली रक्कम. एक्साइजचा परवाना 2025 पर्यंत असा भाड्याने देता येत नव्हता. भागीदार घ्यायचा तर खात्याची परवानगी आणि फी लागते. करार किती का पक्का असेना, आतला माणूस काही चुकला की गुन्हा लायसन्सधारकावर दाखल होतो. जुन्या परमिट रूमचं लायसन्स घेऊन तिथे नवा पब करणाऱ्यांनी इथे सगळ्यात सावध राहावं. तसले व्यवहार अर्धे तोंडीच असतात.

पोलीस आणि आवाज

महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 33 खाली करमणुकीच्या जागांचे नियम होतात. मुंबईत 1960 चे नियम लागू आहेत, आणि त्यांच्या नावात अजून मेळे आणि तमाशे आहेत. डीजे, लाइव्ह बँड, स्टँडअप, ऑर्केस्ट्रा यांसाठी जागेचं लायसन्स वेगळं आणि सादरीकरणाचं वेगळं. नुसतं मागे मंद गाणं लावणं आणि तिकीट लावून बँड बसवणं यात खातं फरक करतं. दुसऱ्यासाठी पोलीस आयुक्तालयाच्या थिएटर शाखेची पायरी चढावी लागते, आणि संहिता असलेल्या प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार बायका आणि चार पुरुष अशी अट होती. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती लिंगावर आधारलेली म्हणून रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, त्यात बायका किती आणि पुरुष किती हे मालकाने ठरवायचं. डान्सबारचा प्रवास याहून लांबचा: 2005 ची बंदी, 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, 2014 मध्ये पुन्हा बंदी, 2016 चा नवा कायदा. 17 जानेवारी 2019 च्या निकालाने त्यातली एक किलोमीटर अंतराची, सीसीटीव्हीची आणि बार-नाच यांच्यात भिंतीची अट गेली. संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी टिकली. साध्या पबवाल्याने यातून घ्यायचं ते इतकंच, की गाण्याच्या लायसन्सवर नाच बसवू नये.

वेळेचे नियमही एकमेकांवर पाय देतात. दुकाने व आस्थापना कायदा 2017 ने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक दिली, पण दारू देणाऱ्या जागांना अधिसूचनेने सकाळी 11.30 ते रात्री 1.30 अशी वेळ बांधली. जानेवारी 2020 ला ‘मुंबई 24 तास’ सुरू झालं तेव्हा पब रात्रभर चालणार असा बऱ्याच जणांचा समज झाला. चालणार होतं खाणं, दारू 1.30 पर्यंतच. लास्ट ऑर्डर 1 वाजता घेतली तरच दीडला टेबलं रिकामी होतात.

आवाजाचं घड्याळ 10 ला वाजतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त जागेत चालतो, पण आवाज बाहेर गेला की मर्यादा आहेच: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, व्यापारी भागात 65 आणि 55. इथे एक तांत्रिक गंमत आहे, तिच्यामुळे भांडणं विकोपाला जातात. मोजणी ‘ए’ वजनाच्या डेसिबलमध्ये होते आणि ते माप माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरतं. 63 हर्ट्झचा बास त्यात तब्बल 26 डेसिबलने कमी दिसतो. त्यामुळे मीटर 50 दाखवतो, पबवाला खूश. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या कपाटाची काच मात्र थरथरत असते. दोघंही खरं बोलत असतात. बास हवेपेक्षा स्लॅबमधून आणि खांबातून जास्त चढतो, म्हणून भिंतीला फोम चिकटवून फारसा फरक पडत नाही. सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर, जमिनीवरून उचलून रबरी पॅडवर ठेवायचा, दाराला एकामागे एक दोन दारं करायची (एक उघडलं तर दुसरं बंद), आणि अॅम्प्लिफायरला आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारा लिमिटर लावून त्याची किल्ली डीजेकडे ठेवायची नाही. एक्झॉस्टच्या डक्टमधून धुराबरोबर गाणंही बाहेर जातं, हे मात्र हटकून विसरलं जातं.

बाहेर पडायची वाट

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंट-पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. हुक्क्याचे निखारे, गच्चीवरचं पेटणारं छत आणि सजावट, आणि धुरात वाट न सापडल्याने टॉयलेटमध्ये जाऊन अडकलेली माणसं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आली. अग्निसुरक्षेचा 2006 चा कायदा मात्र आधीपासून होताच: मालक किंवा भोगवटादाराने यंत्रणा चालू ठेवायची आणि मान्यताप्राप्त एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यायचा. फॉर्म बी कागदावर वेळेत येतो. त्याच महिन्यात होज रीलचा, म्हणजे आग विझवायच्या पाइपाचा, वॉल्व्ह उघडून पाणी येतं का बघणं, हे वेगळं काम आहे.

गर्दीचं गणित आपल्या गाळ्यावर करून बघा. 1200 पैकी किचन, काउंटर, टॉयलेट वजा जाता 800 फूट, म्हणजे 74 चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता जेवणाच्या जागेला माणशी 1.5 चौरस मीटर धरते: 49 माणसं. त्यातले 200 फूट डान्स फ्लोअर केले तर तिथे माणशी 0.6: म्हणजे 31, उरलेल्यात 37, एकूण 68. दारं आणि वाटा 68 च्या हिशेबाने हव्यात. शनिवारी रात्री साडेअकराला आत 150 असतात. मागचं दार बाहेर उघडणारं हवं. ते असतं, पण फुकट कुणी आत शिरू नये म्हणून त्याला साखळी, आणि पलीकडे बिअरचे क्रेट. अपघातात माणसं आलेल्या दारानेच बाहेर पळतात, म्हणून दुसरं दार दिव्याने दाखवायचं आणि कर्मचाऱ्यांना तिकडे माणसं न्यायची सवय लावायची. बाउन्सरला आत येणाऱ्यांइतकंच बाहेर जाणाऱ्यांचंही मोजायला लावा. हातातला क्लिकर फार महाग नसतो.

उरलेले कागद भराभर: एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर बिलावर, गाण्यांच्या हक्कांसाठी ध्वनिमुद्रणाचं आणि गीत-संगीताचं अशी दोन वेगळी लायसन्स, बिलात खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट (परमिट रूमला नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के), म्हणून दोन्हींची बेरीज एका ओळीत करू नये. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरं इतरांपेक्षा लहान नाहीत. आणि दारू देणाऱ्या जागेला महापुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव 2022 च्या दुरुस्तीनंतर ठेवता येत नाही.

शेजारी असाल तर तक्रार त्या-त्या खात्याकडे करा. धूर, वास, झुरळं: वॉर्डचा एमओएच किंवा पालिकेची हेल्पलाइन 1916. शेड, पोटमाळा: बिल्डिंग अँड फॅक्टरी. आवाज: 112, तोही आवाज चालू असताना, सकाळी नाही. दीडनंतरची दारू किंवा पोराटोरांना दिलेली: एक्साइज. ‘पब बंद करा’ असा एकच अर्ज सगळ्यांना पाठवला की प्रत्येक जण तो दुसऱ्याकडे ढकलतो. तारीख, वेळ आणि कुठल्या नकाशाबाहेर काय चाललंय हे लिहिलेला अर्ज ढकलायला अवघड जातो.

आणि 31 डिसेंबर. अलीकडची वर्षं सरकार आदेश काढून परमिट रूमना पहाटे 5 पर्यंत मुभा देतं, आणि गच्चीवाले तो आदेश दाखवून पाचपर्यंत डीजे वाजवतात. आदेश दारूच्या वेळेचा असतो. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक, 10 ची हद्द सैल होते त्या मोजक्या सवलतीच्या दिवशीही, 12 ला बंद, त्यामुळे गच्चीवर 12 नंतर ग्लास चालतो, स्पीकर नाही.